थाईच्या हाटेलात परत आलेला डबा

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी, दुपारच्या गर्दीत, मंचरजवळच्या माझ्या भावाच्या थाई रेस्टॉरंटमध्ये माझ्या टेबलावर आईचा जेवणाचा डबा आणून ठेवण्यात आला. डब्यात एका खणात बांधलेले कुंकवाचे तांदूळ आणि एक हळकुंड होतं. आईला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. तो खण आई असतानाच जाळून टाकलेला होता, हे मला त्यानंतर थोड्याच वेळात कळलं.

'अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता' हे वाक्य या सदरात जवळजवळ प्रत्येकजण लिहितो, याची मला कल्पना आहे. माझ्या बाबतीत अविश्वास हा नोकरीचा भाग होता. मी पुण्यातल्या एका दैनिकात जिल्हा डेस्कवर काम केलं. तालुक्यातून मूर्तीच्या डोळ्यांत पाणी आल्याच्या, विहिरीतून आवाज आल्याच्या बातम्या यायच्या. त्या मी कापायचे. आधी वार्ताहराला फोन करून विचारायचे – तू स्वतः पाहिलंस का, आणखी कोणी पाहिलं, आणि याचं दुसरं साधं कारण काय असू शकतं? बहुतेक बातम्या पहिल्याच प्रश्नाला पडायच्या. ही हकिगत मी त्याच पद्धतीने तपासली आहे. जे तपासता आलं ते लिहिते. जे आलं नाही तेही सांगते. नावं बदललेली आहेत, माझंही – इथे मी सुमन आहे – आणि रेस्टॉरंटचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ विलास हॉटेल मॅनेजमेंट करून बँकॉकला गेला. तिथल्या हॉटेलांच्या किचनमध्ये बरीच वर्षं काढली. लग्न केलं, ते टिकलं नाही. मग परत आला आणि पुणे–नाशिक हायवेवर, मंचर सोडल्यावर लागणाऱ्या एका बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये त्याने थाई रेस्टॉरंट सुरू केलं. परिसरात त्याला कोणी पाटीवरच्या नावाने ओळखत नाही. 'थाईचं हाटेल' म्हणतात. रविवारी पुण्या-नाशिककडचे लोक थांबतात, भीमाशंकर करून परतणारे येतात. पण धंदा चालतो तो मंचर, अवसरी, घोडेगावच्या लोकांवर. सुरुवातीला ही मंडळी गंमत म्हणून आली. नंतर येतच राहिली.

त्याचं मोठं कारण जेवणापेक्षा सर्व्हिस हे होतं, असं माझं मत आहे. विलासने तिकडची शिस्त इथे आणली होती. ताट दोन्ही हातांनी ठेवायचं. पाणी मागायची वेळ येऊ द्यायची नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून हात न्यायचा नाही. तिखट किती हवं हे आधी विचारायचं, आणि काहीही झालं तरी चेहऱ्यावरचं हसू जाऊ द्यायचं नाही. भात मधे आणि बाकीचे पदार्थ भोवती, सगळ्यांनी मिळून खायचं, हे इथल्या लोकांना आधी पटेना. प्रत्येकाला आपलं वेगळं ताट लागायचं. शेजारच्या टेबलावरचं एक संभाषण मला अजून आठवतं. कांद्याचे व्यापारी वाटावेत असे एक गृहस्थ होते, सोबत बायको आणि एक पाहुणे.

"राव, ह्यो हिरवा रस्सा गोड हाय का तिखट?" पाहुण्यांनी विचारलं.

"दोन्ही बी हाय, पावणं."

"दोन्ही बी कसं? एक कायतरी ठरवा की."

"आमच्या घरात कुणी काय ठरवलंय आजवर," त्यांची बायको म्हणाली, "तवा रस्सा ठरवंल? खावा गुमान."

तिघेही हसले आणि आणखी एक वाटी रस्सा मागवला. वाढणारी होती रुनू. आसामची, तिशीतली. विलासने तिला पुण्यातल्या एका हॉटेलातून आणलं होतं. सर्व्हिस सगळी तिच्या हाताखाली. हिंदी बोलायची आणि मधे मधे मंचरचं मराठी घालायची.

आता डब्याबद्दल. नारळाच्या दुधाचं सूप प्लॅस्टिकच्या डब्यांतून गळतं, म्हणून विलासने जवळपासच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी स्टीलचे डबे ठेवले होते. डबा न्यायचा आणि परत आणून द्यायचा. आपल्याकडे बायका दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर, मूठभर शेंगा, चार लिंबं, काहीतरी घालूनच देतात. रुनूला हे ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा डब्यात साखर आली तेव्हा ती समजली की, जेवण गोड नव्हतं अशी गिऱ्हाइकाची तक्रार आहे. पुढच्या वेळी तिने त्या घरच्या आंबट सूपमध्ये सांगून साखर घालायला लावली. त्या घरातल्या सासूबाई डबा घेऊन स्वतः आल्या. "आमी मानानं साखर दिली तर तुमी आमालाच परत चारली व्हय?" असं त्यांनी काउंटरवर विचारलं. दोन्ही बाजूंना समजावताना विलासची पुरेवाट झाली. त्यानंतर परत आलेले डबे धुण्याच्या जागेशेजारच्या रॅकवर ठेवायचे आणि प्रत्येक डबा रुनूने स्वतः उघडायचा, अशी पद्धत पडली. निघेल ते किचनमध्ये जायचं. शेंगा, लिंबं, कढीपत्ता… त्या दिवशी जे येईल ते वापरलं जायचं.

आई अवसरी बुद्रुकच्या घरी विलासबरोबर राहायची. दुपारी तो नसायचा, म्हणून रेस्टॉरंटमधून तिला डबा जायचा. दत्तूभाऊ नावाचे अवसरीचे रिक्षावाले तो न्यायचे आणि परत आणायचे. डबा घरचाच होता, झाकणावर वडिलांचं नाव घातलेला. आईचं थाई जेवणाशी कधी जमलं नाही.

"ह्याला फोडनी कुठाय?" ती विचारायची.

"आई, ह्यात फोडणी नसते."

"मंग निस्ता उकडलाय म्हन की. तेवढ्यासाठी इमानानं गेला व्हतास व्हय?"

पण डबा ती संपवायची, आणि मुलाच्याच हॉटेलात परत जाणार असला तरी रिकामा पाठवायची नाही. रुनूला त्याची सवय झाली होती. डबा आला की "माँजी ने आज क्या भेजा" म्हणत ती आधी तोच उघडायची.

एक गोष्ट आणखी सांगायला हवी. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझं लग्न झाल्यावर मला माहेरी बोलवायचं असलं की ती तांदळाला कुंकू लावायची, त्यात एक हळकुंड ठेवायची आणि ते एका हिरव्या खणात बांधून पुण्याला येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवायची. मी घरी जाताना खण परत न्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा येईल. फोन आल्यावरही हे थांबलं नाही. "फोनवर बोलावलं म्हंजी बोलावनं नव्हं," असं तिचं म्हणणं होतं. खण एकच होता. त्याचा एक कोपरा उंदराने कुरतडला होता. हिरवा दोरा हाताशी नव्हता म्हणून मी तो पिवळ्या दोऱ्याने रफू केला होता.

गेल्या वर्षी फाल्गुनात एका सकाळी विलासचा फोन आला. आई रात्री झोपेत गेली होती. मी पोहोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. "काल दुपारपर्यंत चांगली होती," विलास म्हणाला. "डबा खाल्ला. लिंबं पाठवली." आदल्या आठवड्यात मी त्याला दोन-तीनदा फोन केला होता, कारण आईकडे स्वतःचा फोन नव्हता. एकदा ती झोपली होती, एकदा शेजारच्या हौसामावशीकडे गेली होती, असं त्याने सांगितलं होतं. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

दहाव्याच्या दिवशी मी त्याला विचारलं, की आईने माझी आठवण काढली होती का? तो म्हणाला, "काढायची की. पण बोलाव म्हटलं तर नको म्हणाली. ताईला त्रास नको."

हे मला पटलं नाही आणि तरीही मी ते धरून बसले. आईने मला बोलावलं नाही. बारीकसारीक कारणांनी खण पाठवणारी बाई शेवटच्या दिवसांत मला बोलवत नाही, याचा अर्थ मी सहा महिने लावत होते. तिच्यावर रागही आला होता. आईची ट्रंक आवरताना मी खण शोधला. तो नव्हता. विलास म्हणाला, आईच्या कपड्यांबरोबर गेला असेल.

वर्षाच्या आत घरात सण करायचा नाही, म्हणून गेल्या भाद्रपदात अवसरीच्या घरी गौरी बसल्या नाहीत. घराला कुलूप होतं. आई गेल्यापासून विलास रेस्टॉरंटच्या वरच्या खोलीत राहायचा आणि किल्ली हौसामावशीकडे असायची. "सणाला माहेर नाही असं नको, माझ्याकडे जेवायला ये," असं त्याने फोनवर सांगितलं. मी गेले. खिडकीजवळच्या टेबलावर बसले. रुनूने दोन्ही हातांनी पाणी ठेवलं, मिरची किती घालू विचारलं. कच्च्या पपईचं सॅलड, टोफूचा हिरवा रस्सा आणि भात, एवढं मी मागितलं. टेबलं बहुतेक भरलेली होती. सगळे हायवेवरचे लोक, सणाला घरी न थांबलेले.

भात आला. रस्सा आला. मग रुनू परत आली ती डबा घेऊन.

"दीदी, माँजी का डब्बा," ती म्हणाली. "रॅकवर होता. उघडून पाहिला, तर आत… आपके लिए ही होगा ना?"

मी झाकणावरचं नाव वाचलं. झाकण काढलं. आत हिरवा खण होता, आईच्या पद्धतीची गाठ मारलेला. सोडला. तांदूळ, हळकुंड. कुंकू ओलं होतं, माझ्या बोटाला लागलं. पिवळ्या दोऱ्याचा कोपरा मी दोनदा पाहिला. टाके माझेच होते. कपड्याला कुठे डाग नव्हता, जळाल्याची खूण नव्हती. अर्थात ती शोधण्याचं त्या वेळी मला काही कारणही नव्हतं.

माझा पहिला विचार साधा होता. खण सापडला असेल आणि विलासने सणाचं म्हणून मुद्दाम असं केलं असेल. मला ते आवडलं. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

तेवढ्यात पपईच्या सॅलडची प्लेट घेऊन विलास स्वतः किचनमधून आला. टेबलाशी आल्यावर त्याने प्लेट खाली ठेवली नाही.

"हा कुठून आला?"

"डब्बा? रॅकवर होता सर," रुनू म्हणाली.

"डबा नाही. खण." मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "ताई, हा मी जाळला होता."

"कधी?"

त्याने सॅलडची प्लेट दुसऱ्या हातात घेतली.

"विलास, कधी जाळलास?"

"आई असताना."

आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं असावं. मागच्या टेबलावरून कोणीतरी हाक मारली, "ओ भाऊ, आमचा राइस राहिलाय!" विलास वळला, किंचित झुकला आणि "आलाच सर, दोन मिनिटं," म्हणाला. त्याही क्षणी त्याच्या चेहऱ्यावर ते शिकवलेलं हसू आलं. मी ते पाहिलं.

आम्ही मागच्या बाजूला गेलो, जिथे सळईवरचं चिकन भाजायची कोळशाची शेगडी आहे. मी प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. आई झोपेत गेली नव्हती. आठवडाभर आजारी होती. आधी ताप, मग धाप. मंचरचे डॉक्टर घरी येऊन गेले आणि पुण्याला न्यायला सांगून गेले. त्या आठवड्यात पुण्याहून काही लोक जेवण चाखायला येणार होते. रेस्टॉरंटची पुण्यात शाखा काढण्याचं बोलणं होतं.

"तू आली असतीस तर त्याच दिवशी तिला पुण्याला नेलं असतंस," विलास म्हणाला. "मला हॉटेल बंद ठेवून मागे यावं लागलं असतं. मला वाटलं, चार दिवस निघतील."

"आणि ते लोक?"

"आलेच नाहीत."

"खण?"

"डब्यातून आला. आईनं दत्तूभाऊंना सांगितलं होतं, विलासला म्हणावं सुमनला धाड. मी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, धाडला का. हो म्हणालो. मग तो समोर नको वाटला… त्यात टाकला." त्याने शेगडीकडे बोट केलं.

"मला जे सांगितलंस, आईनं नको म्हटलं, ते?"

"मग काय सांगणार होतो, ताई?"

रुनू दाराशी उभी होती. मी तिला सरळ विचारलं. तिने विलासकडे पाहिलं आणि सांगितलं, की खण डब्यातून तिनेच काढला होता, तिनेच सरांना दिला होता, आणि दुसऱ्या दिवशी शेगडीत जळताना पाहिला होता. "मैंने बोला सर, कुंकू का कपडा है, हमारे यहाँ भी नहीं जलाते. सर म्हणाले, जा तू." पूर्ण जळाला होता का? "राख मैंने ही निकाली, दीदी."

मी जेवण तसंच सोडलं. डबा आणि खण घेऊन अवसरीला गेले.

हौसामावशी आमच्या शेजारी राहते. वय झालंय, पण बोलणं आणि स्मरण स्वच्छ आहे. मला बघून तिने नेहमीसारखं ये म्हटलं नाही. मी किल्ली मागितली.

"तुमचं घर, तुमची किल्ली. मी कोन अडवनार?" ती म्हणाली.

"मावशी, घर कोणी उघडलं होतं का? आज, काल?"

"न्हाई. गनपतीच्या आधी झाडायला मी उघडलं व्हतं. कुलूप माज्याशिवाय कोन काढतंय."

आत गेलो. आई गेल्यावर डबा घरी आणून स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ठेवला होता, हे मला माहीत होतं, कारण तो मीच ठेवला होता. मांडणीवर त्याची जागा मोकळी होती. बाकी भांड्यांवर धूळ होती, त्या जागेवर डब्याच्या बुडाएवढा गोल स्वच्छ होता. मावशीने माझ्या हातातला डबा पाहिला, मांडणी पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

"झाडाया आले तवा हितंच व्हता," ती म्हणाली. "म्या पुसून ठेवला व्हता."

मी तिला खण दाखवला, आणि विलासने जे सांगितलं ते सांगितलं. ती उंबऱ्यावरच बसली.

"म्हंजी तुला ठावं नव्हतं?"

"नाही."

"आजारी हाय ह्ये बी?"

"नाही मावशी."

"आगं, मंग मी तुला काय काय बोलले मनात! दहाव्याला तू माज्या पाया पडाया आलीस, मी पाय वडून घेतले, ध्यानात हाय का? म्या म्हनलं, लई शिकली, पेपरात गेली, आन् आईला पानी पाजाया येळ न्हाई."

मला ते आठवत होतं. त्या दिवशी मी त्याचा अर्थ म्हातारपण असा लावला होता.

मग तिने त्या आठवड्याबद्दल सांगितलं. ते मी शेवटी लिहिते, कारण ते पक्कं व्हायला वेळ लागला.

आधी बाकीची तपासणी. दत्तूभाऊ गौरीजेवणाच्या दिवशी सकाळपासून भाडं घेऊन भीमाशंकरला होते. ज्या कुटुंबाला नेलं त्यांच्याशी मी बोलले. त्यांनी दुजोरा दिला. आई गेल्यापासून दत्तूभाऊंनी अवसरीहून एकही डबा आणलेला नाही. रेस्टॉरंटमध्ये रॅकच्या बाजूला कॅमेरा आहे. विलासने मला त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पूर्ण पाहू दिलं, त्याने अडवलं नाही. सकाळी झाडलोट होते तेव्हा रॅक रिकामा आहे. नंतर मंचरच्या गिऱ्हाइकांचे डबे येतात, ते कोण ठेवतं हे दिसतं. दुपारी गर्दी वाढते, वाढपी ये-जा करतात, रॅक थोडा वेळ त्यांच्या आड जातो. ते बाजूला होतात तेव्हा खालच्या फळीवर आईचा डबा आहे. कोणाच्याही हातात तो आधी दिसत नाही. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पाहिलं, माझ्या जुन्या फोटो विभागातल्या एका सहकाऱ्याला दाखवलं. त्यालाही काही सापडलं नाही.

रुनूवर मी संशय घेतला, हे लिहायला हवं. तिला गोष्ट ठाऊक होती, तिला ती बोचत होती, आणि मला कळावं असं तिला वाटू शकत होतं. दुसरा एखादा हिरवा खण आणणं अवघड नाही. मी तिला तसं विचारलं. ती रागावली नाही. म्हणाली, "दीदी, मला सांगायचं असतं तर तोंडानं सांगितलं असतं. मी डरत होते म्हणून नाही सांगितलं. डबा कशाला भरू?" ती अवसरीच्या घरी कधी गेलेली नाही, हौसामावशी तिला ओळखत नाही, आणि कुलूप तोडलेलं नव्हतं. शिवाय रफूचे टाके माझे आहेत. दुसऱ्या हाताचे टाके मला कळतात.

म्हणजे एकतर खण जळाला नव्हता आणि विलास व रुनू दोघंही खोटं बोलत आहेत, ज्यात दोघांचाही फायदा नाही. किंवा जळाला होता, आणि आता माझ्या कपाटात आहे. तिसरी शक्यता मला दिसत नाही. कोणाला दिसली तर जरूर कळवा. डेस्कवर असते तर ही बातमी मी कापली असती, कारण दुसऱ्या प्रश्नापर्यंत ती टिकते आणि तिसऱ्याला काहीच उत्तर नाही.

त्या दिवसानंतर मी विलासच्या रेस्टॉरंटमध्ये जेवलेले नाही. ते चालू आहे. गर्दी असते असं ऐकते, सर्व्हिसचं लोक कौतुक करतात. रुनूने दिवाळीत काम सोडलं. आईचं वर्षश्राद्ध मी अवसरीच्या घरी केलं. विलास आला, पंगतीत वाढायला उभा राहिला. मी त्याला वाढू दिलं. आमचं बोलणं झालं नाही.

आता हौसामावशीने सांगितलेलं. शेवटच्या दिवसांत ती आईजवळ बसायची. आई रोज विचारायची, सुमन आली का. विलासने एकदा दोघींसमोर फोन लावला आणि बोलत बाहेर गेला. परत आत आला आणि म्हणाला, "ताईला जमत नाही म्हणते. काम आहे." तो फोन मला आलेला नव्हता. माझ्या फोनच्या नोंदी मी तपासल्या. आई म्हणाली, "मला लावून दी. येऊ नगं म्हनावं. नुसता आवाज ऐकू दी." विलास म्हणाला, आता रेंज नाही. आईने तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ती बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

ही एका साक्षीदाराची माहिती होती. वर्षश्राद्धानंतर मी विलासला फोन केला, मावशीने सांगितलेलं एकेक वाक्य त्याला ऐकवलं आणि विचारलं, की असं झालं का?

तो म्हणाला, "हो."